सौर प्रकल्प गावाजवळ आला, मग मुलाचं काम का संपलं?

या आठवड्याचं पत्र जत तालुक्यातून आलं आहे.

"नमस्कार. मी शेतकरी आहे. साडेचार एकर जमीन, त्यातली दोन एकर डाळिंब, बाकी पावसावर. थोरला मुलगा 21 वर्षांचा, आयटीआयला वीजतंत्री झालाय. गेल्या साली शेजारच्या गावात गायरानावर सौर प्रकल्प उभा राहिला. पोराला तिथं पाच महिने रोजावर काम मिळालं. प्रकल्प चालू झाला आणि काम बंद. आता तिथं दोन वॉचमन असतात आणि गवत काढायला कधीमधी बायका बोलावतात. पोरगा सध्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जातो. शहरातली एक संस्था तीन महिन्यांचा सोलर कोर्स करा, नोकरीची हमी देतो, म्हणून 45 हजार रुपये मागते आहे. त्यासाठी एक दुभती गाय विकावी लागेल. धाकटी मुलगी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिलाही याच क्षेत्रात जायचंय, तर भावकी म्हणते, मुलीनं काय छपरावर चढायचं का? मंत्री सांगतात लाखो नोकऱ्या येणार. आमच्या डोळ्यांसमोर दोन वॉचमन आहेत. आम्ही खरं काय समजायचं?"

नमस्कार दादा,

आधी तातडीचं सांगतो. गाय विकू नका आणि 45 हजार भरू नका. बाकीचं सावकाश वाचा, आणि दोन्ही मुलांनाही वाचायला द्या.

ज्या शिक्षणासाठी ती संस्था पैसे मागते आहे, त्याच तोडीचं शिक्षण सरकारी योजनेतून फुकट मिळतं. केंद्र सरकारच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं 2015 मध्ये 'सूर्यमित्र' नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. गुरुग्रामची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था राज्याराज्यांतल्या संस्थांमार्फत तो चालवते. 600 तासांचा, म्हणजे साधारण तीन महिन्यांचा, निवासी अभ्यासक्रम आणि विद्यार्थ्याकडून फी नाही. तो आखलाच आहे तुमच्या मुलासारख्यांसाठी, म्हणजे आयटीआयला वीजतंत्री, तारतंत्री, फिटर वगैरे झालेल्यांसाठी. पुढची तुकडी कुठे आणि कधी आहे, हे तुमच्या आयटीआयच्या प्राचार्यांकडे आणि जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात विचारा. थोडं थांबावं लागलं तरी थांबा. शहरातल्या संस्थेला मात्र एवढंच म्हणा की नोकरी कोणत्या कंपनीत, कोणत्या गावात, किती पगारावर, हे तुमच्या लेटरहेडवर लिहून सही करून द्या. खरी हमी असेल तर हे लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात.

आता मंत्र्यांचे लाख आणि तुमचे दोन वॉचमन. दोन्ही खरे आहेत, आणि ते एकाच वेळी खरे कसे हे समजलं की मुलानं काय करायचं ते आपोआप दिसू लागतं.

2022 मध्ये दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या ऊर्जेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं एनआरडीसी ही पर्यावरण संस्था आणि हरित रोजगारांच्या कौशल्य परिषदेबरोबर एक अभ्यास केला. देशानं 2030 पर्यंतचं कोळसा-तेलाशिवायच्या विजेचं 500 गिगावॉटचं (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) उद्दिष्ट गाठताना सौर आणि पवन ऊर्जेत जवळपास 34 लाख माणसांना काम मिळू शकेल, असं त्यात आहे. त्याच अभ्यासात पुढे म्हटलं आहे की ही सगळी कामं पूर्णवेळ नोकऱ्यांच्या हिशेबात मांडली तर आकडा सुमारे 10 लाखांवर येतो. कारण यातली बरीच माणसं काही महिने काम करतात आणि मोकळी होतात. तुमचा मुलगा या 34 लाखांतला आहे. सभेत सांगितला जातो तो मोठा आकडा, आणि घर चालतं ते दुसऱ्या आकड्यावर. घरांच्या छपरांवर सौर यंत्रणा बसवण्यासाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून 17 लाख थेट रोजगार होतील असं सांगितलं जातं, तेही असंच समजून घ्या. त्यात कारखाने, वाहतूक, विक्री, बसवणं, देखभाल असं सगळं धरलेलं आहे.

तुमच्या शेजारचा प्रकल्प बहुधा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधला असावा. पहिली योजना 2017 ची, ही सुधारित 2023 ची. शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्रांजवळ छोटे छोटे प्रकल्प उभे करायचे, अशी तिची रचना. या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात 2024 मध्ये सुरू झाला, 3 मेगावॉटचा. पुढचं लक्ष्य 16 हजार मेगावॉटचं आहे. रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्या, साप-विंचवाच्या भीतीत पाणी धरणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही योजना मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल मी कुरकूर करणार नाही. पण दिवसाची वीज हे तिचं काम आहे. गावाला कायमच्या नोकऱ्या देणं हे असल्या प्रकल्पाच्या स्वभावातच नाही. फिरणारं, घासणारं यंत्र तिथं जवळपास नसतं. जमीन सपाट करणं, खांब ठोकणं, सांगाडा उभा करणं, पॅनेल चढवणं, केबल ओढणं, इथं माणसं लागतात. ते झालं की एखादा तंत्रज्ञ, पहारा, पॅनेल धुणं आणि गवत काढणं एवढंच उरतं.

आकड्यात बघा. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसीनं 2017 मध्ये काढलेला हिशेब असा: जमिनीवरच्या मोठ्या सौर प्रकल्पात एका मेगावॉटमागे साधारण साडेतीन माणसांना वर्षभर पुरेल इतकं काम निघतं, पवनचक्क्यांत सव्वा माणसाला, आणि घरांच्या छपरांवरच्या सौर यंत्रणेत जवळपास 25 माणसांना. म्हणजे शेजारच्या गायरानावर 5 मेगावॉट असतील तर सगळं मिळून 17 माणसांचं वर्षभराचं काम झालं, आणि त्यातलंही डिझाइन, निविदा, खरेदी हे पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत. तेच 5 मेगावॉट तीन-तीन किलोवॉट करून घरांवर बसवायचे ठरवले तर साडेसोळाशेच्या आसपास घरं लागतील, आणि काम निघेल सव्वाशे माणसांचं. अभ्यास जुना आहे, कामाचा वेग तेव्हापासून वाढला आहे, त्यामुळे नेमका आकडा आज वेगळा येईल. पण मोठ्या पार्कात आणि छपरांत असलेला सात पटींचा फरक एवढ्यानं मिटत नाही. प्रत्येक घर वेगळं असतं. कुणाचं पत्र्याचं, कुणाचा स्लॅब, कुठं पाण्याच्या टाकीची सावली, कुठं मीटर लांब. हे काम यंत्रानं एकसारखं उरकता येत नाही, म्हणून तिथं माणूस लागतो.

मुलाला माझं मुख्य सांगणं हेच आहे. गावाजवळच्या कुंपणाकडे बघत बसू नकोस. काम छपरांवर आणि विहिरींवर पसरलेलं आहे.

छपरांचं आधी. फेब्रुवारी 2024 मध्ये सूर्यघर योजना आली. एक किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन आणि त्याहून जास्त किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान. 2025 मध्ये राज्यानं त्यावर स्वतःची 'स्मार्ट' योजना जोडली. दारिद्र्यरेषेखालची आणि महिन्याला 100 युनिटांपेक्षा कमी वीज वापरणारी पाच लाख घरं तिच्या डोळ्यांसमोर आहेत. याचा अर्थ असा की आतापर्यंत शहरातल्या बंगल्यांवर दिसणारी पॅनेलं तालुक्याच्या गावांत आणि वाड्यावस्त्यांवर येणार. सूर्यघर योजनेत यंत्रणा बसवणाऱ्या विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. सांगली-मिरजेचा विक्रेता जत तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या इन्व्हर्टरसाठी (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रासाठी) गाडी पाठवेल, की तालुक्यातच भरवशाचा माणूस शोधेल? तो माणूस तुमचा मुलगा असू शकतो. लगेच स्वतः विक्रेता व्हायच्या मागे त्यानं लागू नये. नोंदणी, बँक गॅरंटी, मालात अडकणारे पैसे, अनुदान येईपर्यंतचा धीर, हे 21 व्या वर्षी अंगावर घेण्यासारखं ओझं नाही. दोन-तीन विक्रेत्यांची बसवण्याची आणि दुरुस्तीची कामं किलोवॉटमागे दर ठरवून घ्यावीत, हात बसवावा, ओळख करावी.

आणि विहिरी. इथं तुम्ही तुमच्याच मुलाला कमी लेखताय असं पत्रावरून वाटलं. "सध्या रिवाइंडिंगच्या दुकानात जातो" हे तुम्ही जरा नाराजीनं लिहिलंय. मला ती त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते.

आपल्या राज्यात सौर कृषिपंप फार मोठ्या संख्येनं बसले आहेत. 2019 मध्ये केंद्राची कुसुम योजना आली, राज्याच्या योजना तिच्या आगेमागे आल्या, आणि 2024 पासून 'मागेल त्याला सौर कृषिपंप' सुरू आहे. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्यानं किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं 5 टक्के, आणि जमिनीप्रमाणे 3, 5 किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप. या पंपांना पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते. आता हिशेब करा. पहिल्या खेपेच्या पंपांची पाच वर्षं संपलेली आहेत किंवा संपत आली आहेत. इतके दिवस कंपनीच्या माणसाची वाट बघणारा शेतकरी यापुढे स्वतः मेकॅनिक शोधणार. मोटार कोरडी चालून जळली, वीज पडून कंट्रोलर, म्हणजे पॅनेलच्या विजेवर मोटार चालवणारा डबा, गेला, वादळात पॅनेल फुटलं, उंदरानं केबल कुरतडली, हे रोजचं होणार. गावातल्या रिवाइंडिंगवाल्याला मोटार कळते, पण कंट्रोलर उघडायला तो बिचकतो. शहरातून आलेल्या सोलरवाल्याला कंट्रोलर कळतो, पण बोअरमधून मोटार वर काढून तिचं वाइंडिंग तपासणं त्यानं कधी केलेलं नसतं. ज्याला दोन्ही येतं असा माणूस तालुक्यात किती मिळतील? मुलाला म्हणावं, दुकान सोडू नकोस. उलट मालकाला सांग की सौरपंपाची मोटार आली की ती माझ्या हातात द्या. एखादा जळका कंट्रोलर घरी आणून खोलून बस.

या कामात एक गोष्ट मात्र घाईनं शिकता येत नाही, ती म्हणजे डीसी, अर्थात पॅनेलमधून एकाच दिशेनं वाहणाऱ्या, विजेचं भय. मुलगा आयटीआयला बहुतेक काळ एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर, शिकला. घरातली एसी वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे स्विच तोडताना उडालेली ठिणगी लवकर विझते. डीसीला असा शून्य नाही. सैल जोडात ठिणगी पेटली की ती ओढली जाते, जळत राहते, आणि छपराला आग लागू शकते. दुसरं असं की ऊन आहे तोवर पॅनेलला बंद करता येत नाही. खालचा स्विच पाडला तरी पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या तारेत दाब असतोच. घराच्या छपरावर हा दाब काहीशे व्होल्ट असतो, मोठ्या पार्कात 1,500 व्होल्टपर्यंत. म्हणून चालू भारात कनेक्टर ओढायचा नाही, दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत खुपसायचे नाहीत, पक्कडीनं दाबून क्रिंपिंग (तारेच्या टोकाला कनेक्टर घट्ट बसवणं) करायचं नाही, त्याचं वेगळं हत्यार मिळतं ते वापरायचं. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, तारेचं इन्सुलेशन तपासणारा मेगर, अर्थिंग तपासायचं यंत्र, इन्सुलेटेड हातमोजे, आणि उंचीवर बांधायचा पट्टा. वाचलेल्या 45 हजारांतला काही भाग या सामानावर जाऊ द्या. पत्र्याच्या छपरावर सुमारे 28 किलोचं पॅनेल हातात धरून चालणं हे धाडस दाखवायचं ठिकाण नव्हे. या क्षेत्रात पोरं पडतात ती मुख्यतः ठेकेदाराला पट्टा महाग वाटतो म्हणून. आपला मुलगा पट्ट्याशिवाय वर चढणार नाही, एवढी अट तुम्ही बाप म्हणून घाला. त्यात काम गेलं तरी चालेल.

हत्यारांइतकाच कागद महत्त्वाचा. आपल्याकडच्या विद्युत सुरक्षा नियमांनुसार जोडणीचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याकडून व्हायला हवं. गावात हा नियम कुणी फारसा विचारत नाही हे मला माहीत आहे. पण सौर यंत्रणेला घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा नेट मीटर लागतो, महावितरणचा माणूस येऊन तपासतो, बँकेचं कर्ज असतं, विमा असतो. तिथं कागद विचारतात. मुलानं जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन तारतंत्री परवान्याची चौकशी करावी, आयटीआयचं प्रमाणपत्र बरोबर न्यावं, आणि पुढे अनुभव जमला की पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राकडे जावं. नुसत्या 'सोलर कोर्स'च्या प्रमाणपत्रानं माणूस एका प्रकारच्या कामाला बांधला जातो. तारतंत्री परवाना असलेला माणूस सोलर मंदावलं तर कारखान्यात जाईल, चार्जिंग स्टेशनवर जाईल, घराची वायरिंग करील. म्हणून मी म्हणतो, आधी वीज पक्की शिकावी, सोलर तिच्यात बसवावं.

अप्रेंटिसशिप केली नसेल तर ती करावी. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून राहिली असेल असं धरतो. महावितरणची मंडल कार्यालयं दरवर्षी वीजतंत्री आणि तारतंत्री शिकाऊ उमेदवार घेतात. वर्षभर विद्यावेतन कमी मिळेल, पण शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र हाती येतं. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदांसाठीही वीजतंत्री-तारतंत्रीच लागतात. 2023 च्या अखेरीस 5,347 जागांची जाहिरात निघाली होती. तिथं पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन असतं, मग तंत्रज्ञ म्हणून नेमणूक. अर्ज जरूर करावा, पण त्या एका जाहिरातीच्या वाटेवर तरुणपण घालवू नये. आपल्याकडे हे फार होतं.

आता त्या पाच महिन्यांबद्दल. मुलाला पैसे रोजावर मिळाले असं लिहिलंय. नेमणूकपत्र होतं का? भविष्यनिर्वाह निधी कापला होता का? त्याला विचारा. 20 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो, त्यात कामगाराचे 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के. दहा किंवा अधिक माणसं आणि पगार 21 हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे आजारपणात आणि अपघातात आधार. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि नेमणूकपत्र देणं मालकाला बंधनकारक झालं. पीएफ कापला असेल तर त्याचा यूएएन क्रमांक असणार, पासबुक मोबाइलवर बघता येतं. कापला नसेल तर पुढच्या कामाच्या वेळी पहिल्याच दिवशी विचारायचं. एकट्यानं विचारलं तर ठेकेदार उद्या येऊ नको म्हणेल, हे खरं आहे. म्हणून पाच-सहा पोरांनी मिळून विचारावं. आपण जे काम करतो ते स्वच्छ ऊर्जेचं असल्यानं त्यातला कामगार आपोआप नीट वागवला जातो, असं समजायचं कारण नाही.

परळीचं उदाहरण मनात येतं. 2015 मध्ये पाणी आटलं आणि तिथलं औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावं लागलं. एका गेटभोवती कंत्राटी कामगार, ट्रकवाले, राखेवर चालणारे वीटवाले, खानावळी असं सगळं गुंफलेलं असतं. गेट बंद झालं की सगळ्यांचीच चूल अडते. सौर प्रकल्पाला इतकं पाणी लागत नाही, तो दुष्काळात बंद पडणार नाही. पण त्याला तसं गेटही नाही. चंद्रपूरचं 2,920 मेगावॉटचं औष्णिक केंद्र उद्या हळूहळू मंदावलं, तर तितक्याच मेगावॉटची सौर पॅनेलं उभी करून चंद्रपूरच्या कामगाराचा प्रश्न सुटणार नाही, कारण ती पॅनेलं भलत्याच जिल्ह्यात असतील आणि कामही वेगळ्या हातांना मिळालेलं असेल. राज्यानं हा हिशेब मेगावॉटबरोबरच मांडायला हवा. किती वीज तयार झाली हे आपण दर महिन्याला ऐकतो. किती माणसं वर्षभरानंतरही कामावर आहेत, हे कुणी सांगत नाही.

प्रकल्प येतो पण गावाला कायमची कामं थोडीच मिळतात, हे तुमच्या भागाला नवीन नाही. ढालगावच्या माळावर पवनचक्क्या आहेत. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर तर 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून आहेत. गावाला तिथंही बहुतेक पहाऱ्याचीच कामं मिळाली. फक्त एक लक्षात ठेवा. जुन्या छोट्या चक्क्या काढून त्या जागी मोठ्या बसवायचं धोरण देशात 2016 पासून आहे. तो काळ या पठारांवर आला तर उंचीवर काम करणारे तंत्रज्ञ लागतील. त्यासाठी सूर्यमित्रसारखाच 'वायुमित्र' अभ्यासक्रम आहे. मुलाला उंचीचं भय नसेल तर माहिती काढून ठेवायला हरकत नाही.

आता मुलीचं. खरं सांगायचं तर तुमच्या दोन मुलांत या क्षेत्रात लांबचा पल्ला तिचा आहे असं मला वाटतं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा म्हणजे फक्त छपरावर चढणं नव्हे. जागेची पाहणी, सावलीचा अभ्यास, किती पॅनेलची किती माळ करायची याचं गणित, इन्व्हर्टरची निवड, नेट मीटरचे कागद, प्रकल्पाची देखरेख संगणकावरून करणं, एखाद्या भागातली वीज का कमी आली ते शोधणं, हे सगळं डिप्लोमावाल्यांचं काम. एका मोठ्या कंपनीच्या शेकडो छपरांवरचं उत्पादन एका खोलीत बसून बघणारी माणसं असतात. ती खोली पुण्यात असेल, सांगलीत असेल. आणि तिला छपरावर चढावंसं वाटलं तर चढू द्या की. पट्टा बांधलेला असला की झालं.

भावकीला एक आकडा सांगा. 2019 च्या एका अभ्यासात भारतातल्या छपरी सौर क्षेत्रात बायकांचं प्रमाण 11 टक्के निघालं, जगभरात नवीकरणीय ऊर्जेत ते 32 टक्के होतं. हा फरक मुलींच्या अंगात ताकद नाही म्हणून पडलेला नाही. रात्री साइटवर राहायची सोय नाही, स्वच्छतागृह नाही, परत यायला गाडी नाही, आणि घरचे नको म्हणतात. यातली शेवटची अडचण तुमच्या हातात आहे. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनी आयआयटी मुंबईच्या मदतीनं सौर पॅनेलं बनवणारी कंपनी उभी केली. आपल्याच वर्धा जिल्ह्यात बचत गटांतल्या बायकांनी पॅनेल जोडणीचं काम हाती घेतलं. त्यांच्यापैकी कितीतरी जणींचं शिक्षण तुमच्या मुलीपेक्षा कमी होतं.

तिनं आत्ता एक करावं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून गावातली पाच सौरपंप किंवा पाच छपरी यंत्रणा निवडाव्यात आणि वर्षभर त्यांची नोंद ठेवावी. किती वीज अपेक्षित होती, किती आली, धूळ धुतल्यावर किती वाढली, काय बिघडलं, दुरुस्तीला किती दिवस गेले. अशी स्वतःच्या हातची वही मुलाखतीत टेबलावर ठेवणारी मुलगी लक्षात राहते. भाऊ दुरुस्त करील, बहीण नोंद ठेवील, यातून पुढे दोघांचं मिळून काही उभं राहिलं तर फार चांगलं. पण बहिणीला भावाच्या दुकानाची हिशेबनीस करून ठेवू नका. ती त्याच्याहून जास्त शिकते आहे.

कारखान्यांचं थोडक्यात. नागपूरजवळ बुटीबोरीत पॅनेलचे मोठे कारखाने येत आहेत, चाकणला विजेच्या गाड्या आहेत. तिथं पगार नियमित असतो, पण भाडं आणि खाणं वजा करून हातात काय राहतं ते आधी काढावं.

शेवटी गावाचं एक काम, जे तुम्हालाच करता येईल. सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्प झालेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख रुपये, असे तीन वर्षं, मिळण्याची तरतूद आहे. प्रकल्प शेजारच्या गावात आहे, म्हणजे पैसे त्यांच्या पंचायतीला. तिथं पाहुणे असतील, ओळखीचे सदस्य असतील. ग्रामसभेत विषय मांडायला सांगा की या पैशातून शाळेवर, दवाखान्यावर, पाणीपुरवठ्याच्या मोटारीवर सौर यंत्रणा बसवा आणि ते काम परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली दोन्ही गावांतल्या आयटीआय झालेल्या पोरांकडून करून घ्या. प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीला लेखी विचारा की पॅनेल धुणं आणि गवत काढणं याचं वर्षाचं कंत्राट गावच्या बचत गटाला द्याल का. त्या बायकांना आज कधीमधी बोलावतात, त्याऐवजी महिन्याचे ठरलेले दिवस मिळतील.

उद्या कुणी तुमच्या कोरडवाहू अडीच एकराला भाडेपट्टा विचारायला आलं तर घाई करू नका. या योजनेत जमिनीचं भाडं वर्षाला हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी 50 हजार, आणि दरवर्षी 3 टक्के वाढ असा दर आहे. पावसावरच्या जमिनीला ही रक्कम वाईट नाही. पण करार मुलांच्या ऐन उमेदीच्या सगळ्या वर्षांसाठी असेल. तो वकिलाकडून वाचून घ्या, आणि सही करायच्या आधी दोन्ही मुलांना समोर बसवून विचारा.

मुलाला या आठवड्यात तीन ठिकाणी जायला सांगा: आयटीआय, विद्युत निरीक्षक कार्यालय, आणि तालुक्यात सौरपंप बसवणाऱ्या कंपनीचं सेवा केंद्र. तिथं काय उत्तर मिळालं ते मला कळवा. सेवा केंद्रात माणूस हवा असेल तर पगार आणि पीएफ दोन्ही विचारल्याशिवाय त्यानं हो म्हणू नये.